लव पकडणारी धुण्याची पिशवी : पाच महिन्यांची आवक-जावक

धुणं झाल्यावर ही पिशवी नळाखाली धरू नका. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण खोक्यावर ते मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत छापलंय आणि आमच्या घरात कोणी ते वाचायच्या आत पहिल्या आठवड्याची सगळी जमा मोरीत गेली. बायकोने पिशवी उलटी केली, चांगली खळखळून धुतली आणि दोरीवर टाकली. म्हणजे जे अडवायला पिशवी आणली ते आम्ही स्वतःच्या हाताने, पाणी घालून, पाठवून दिलं.

मी गोठवलेल्या मासळीच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये चेकर आहे. उणे १८ अंशात उभं राहायचं, खोकी मोजायची, चलानाशी ताळा करायचा. आत किती आलं, बाहेर किती गेलं, शिल्लक किती. कामावरच्या जाड कोटाच्या आत मी फ्लीसचं, म्हणजे पॉलिएस्टरच्या, प्लास्टिकच्याच धाग्याच्या मऊ लवदार कापडाचं जॅकेट घालतो. माझ्याकडे तीन आहेत, पाळीपाळीने वापरतो. मासळीचा वास असा बसतो की आठवड्याला धुण्यावाचून गत्यंतर नाही. लेकीने वाढदिवसाला ही पिशवी हातात ठेवली तेव्हा मला वाटलं, काहीतरी भेट देण्यासारखं तरी द्यायचं. ती म्हणाली, "बाबा, तुमची जॅकेटं यात घालून मशीनला लावायची. त्यांची लव निघते आणि पाण्याबरोबर समुद्रात जाते." एवढी वर्षं समुद्रातून माझ्याकडे खोकी येताहेत. माझ्याकडून उलट दिशेने काही जात असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

वस्तू दिसायला साधी आहे. उशीच्या अभ्र्याहून थोडी मोठी, पांढरट, हाताला चुरचुरीत लागणारी नायलॉनची जाळी. भोकं ५० मायक्रॉनची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. खिडकीसमोर धरली तरी भोक असं दिसत नाही, नुसता उजेड धुरकट होतो. एका बाजूला चेन, आणि चेनचा स्लायडर लपवायला शेवटी छोटी खोळ, म्हणजे तो ड्रमवर आपटत नाही. "प्लास्टिक अडवायला प्लास्टिकची पिशवी?" हा प्रश्न बायकोने पहिल्याच दिवशी विचारला. प्रश्न बरोबर आहे. फरक धाग्यात आहे. पिशवीचा धागा एकसंध, मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखा, त्याला सुटायला टोकंच फारशी नाहीत. फ्लीसचं उलट. फ्लीस करताना पॉलिएस्टरचं कापड आधी विणतात आणि मग तारेच्या ब्रशांनी पिंजून त्याची लूस उभी करतात. ते ऊबदार लागतं ते त्या लुशीमुळे आणि गळतं तेही त्याच लुशीमुळे. म्हणजे दोष कपड्याच्या जुनेपणात नाही, त्याच्या घडणीतच आहे.

वापर सांगतो. पिशवी अर्धीच भरायची, माझी दोन जॅकेटं बसतात, तिसरं कोंबलं तर साबण आत नीट फिरत नाही आणि वास तसाच राहतो. पावडर नको, लिक्विड वापरा. पावडरीचे न विरघळलेले कण जाळीत बसतात आणि नंतर लव कुठली आणि साबण कुठला ते कळत नाही. पहिल्या दिवशी मी मशीनमध्ये नुसती ही एकच पिशवी टाकली होती. स्पिनला आल्यावर जाळीतून पाणी सावकाश निघतं, सगळं ओझं एका बाजूला आणि मशीन अशी धडधडायला लागली की मी आंघोळ अर्धी टाकून बाहेर आलो. तेव्हापासून सोबत दोन टॉवेल टाकतो. आता चालतं.

मग लव काढायची. ओली असताना नादी लागू नका, ती जाळीला चिकटून फासते. पिशवी पूर्ण वाळू द्या आणि उलटी करून खालच्या दोन कोपऱ्यांत बोट घाला. सगळा माल तिथे, शिवणीच्या टोकाला. कंगव्यातून गुंतवळ काढावी तशी ती नखाने उचलायची. पहिल्या तीन-चार धुण्यांत फार काही दिसलं नाही, मी म्हटलं पिशवी फसवी आहे. मग एकदा कोपऱ्यात डाळीच्या दाण्याएवढा गोळा मिळाला. माझी जॅकेटं एक काळं, एक करडं, एक विटकरी, पण गोळा मात्र दर वेळी राखाडी-निळसरच निघतो. दोन बोटांत ताणला तर तुटत नाही, लांबत जातो, आणि उजेडाकडे धरला की कडेने बारीक केसाळ टोकं हलताना दिसतात. श्वास जोरात सोडला तर त्यातलं निम्मं उडून जातं, हाही अनुभव घेतलाय. म्हणून आता तोंडावर रुमाल धरून काढतो. घरचे हसतात, हसू देत.

ही लव मी काचेच्या बरणीत साठवली. सवय आहे, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. २१ धुण्यांनंतर (पहिलं वजा, ते मोरीत गेलं) बारीक काट्यावर वजन केलं : १.३ ग्रॅम. खरं सांगतो, निराश झालो. पाच महिने, एवढी उस्तवार आणि चिमूटभर लव! बायकोने बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेली.

पण ही वजनाने मोजायची वस्तू नाही, हे मला नंतर कळलं. लेकीने दोन-चार अभ्यासांचे दुवे पाठवले आणि मी रात्री बसून वाचत गेलो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने २०१६ मध्ये ६ किलो धुण्याचा हिशेब मांडला होता. ॲक्रिलिकचे कपडे असतील तर एका धुण्यात ७ लाखांवर तंतू, पॉलिएस्टर असेल तर ५ लाखांच्या आसपास, पॉलिएस्टर आणि सुताचं मिश्रण असेल तर सुमारे १ लाख ३८ हजार. आमच्याकडे काही माल वजनावर घेतात, काही नगावर. हा नगावरचा माल आहे.

माझा पुढचा प्रश्न अर्थातच जावकीचा. मशीनच्या पाइपातून निघालेला तंतू कुठे जातो? सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, जिथे ते आहे तिथे. जिथे नाही तिथे सरळ नदी नाहीतर खाडी. आणि केंद्र असलं तरी? स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ क्लाइड नदीवरच्या एका मोठ्या केंद्राचं पाणी तपासलं गेलं, त्याचा निष्कर्ष २०१६ मध्येच छापून आला. आलेल्या सूक्ष्म प्लास्टिकपैकी ९८.४१ टक्के केंद्राने अडवलं. माझ्या गोदामात एवढा ताळा जुळला तर साहेब पाठ थोपटतील. पण येणारी आवकच एवढी की उरलेल्या दीड टक्क्याचे रोज साडेसहा कोटी तुकडे नदीत जात होते. त्यात नुसती कपड्यांची लव नाही, सगळ्या प्रकारचं बारीक प्लास्टिक आलं. आणि अडवलेलं ९८ टक्के गेलं कुठे? गाळात. तो गाळ पुष्कळ ठिकाणी खत म्हणून शेतात पसरतात आणि पाऊस आला की पुढचा प्रवास सुरू. आमच्या भाषेत याला माल अडवला म्हणत नाहीत, दुसऱ्या गोदामात हलवला म्हणतात.

ही क्लाइड नदी जिथे मिळते त्या समुद्राची आणखी एक नोंद वाचली आणि त्यानंतर पिशवीचा कंटाळा करणं मला जमलेलं नाही. तिथे नॉर्वे लॉब्स्टर म्हणून एक छोटी, सडपातळ शेवंड मिळते, चिखलात बीळ करून राहते. २०११ मध्ये छापलेल्या तपासणीत त्यांतल्या ८३ टक्क्यांच्या पोटात प्लास्टिक निघालं आणि बऱ्याच जणींच्या पोटात तंतूंचा गुंतलेला गोळा. गोळा म्हटल्यावर मला माझ्या पिशवीचा कोपराच आठवला. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यातले बरेच धागे मासेमारीच्या जाळ्यांचे आणि दोरांचे वाटत होते, जॅकेटांचे नव्हेत. माझ्या धंद्याचेच, म्हणा ना. पुढे प्रयोगशाळेत काही शेवंडींना आठ महिने प्लास्टिक मिसळलेलं खाद्य दिलं, तर त्या खंगल्या. पोट भरलेलं आणि अंगी काही लागत नाही. कात टाकताना शेवंडीच्या पोटाचं अस्तरही बदलतं आणि त्याबरोबर काही गोळे बाहेर पडतात, तेवढीच त्यांची सुटका. सगळ्या जिवांना तीही सोय नाही.

आणि मारियाना गर्ता, पॅसिफिक महासागरातली, जगातली सगळ्यात खोल जागा. सहा किलोमीटरहून खोल पाण्यात राहणारा, कोळंबीचा दूरचा नातेवाईक म्हणावा असा एक जीव न्यूकॅसल विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये नव्याने नोंदवला. त्यातल्या एकाच्या आतड्यात पीईटीशी जुळणारा तंतू मिळाला, म्हणून नाव ठेवलं युरिथेनिस प्लास्टिकस. पीईटी म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, आणि पॉलिएस्टर म्हणजेही तेच. माझ्या विटकरी जॅकेटाच्या आतल्या पट्टीवर अभिमानाने लिहिलंय, 'वापरलेल्या बाटल्यांपासून बनवलेले'. घेताना मला ते पुण्यकर्म वाटलं होतं. बाटली निदान उचलता तरी येते.

आता मूळ मुद्दा : पिशवी काम करते का? अर्धं करते. प्लिमथच्याच लोकांनी २०२० मध्ये सहा प्रकारची साधनं शेजारी ठेवून तपासली. जाळीची पिशवी वापरल्यावर सांडपाण्यात जाणारे तंतू ५४ टक्क्यांनी कमी झाले. ड्रममध्ये टाकायचा काटेरी गोळा मिळतो, त्याने ३१ टक्के. मशीनच्या बाहेर पाइपाला जोडायचा फिल्टर सगळ्यांत सरस निघाला, ७८ टक्के. हा अभ्यास माझ्या पिशवीच्या कंपनीचा नाही, तरी घडण तीच आहे म्हणून मी निम्मं धरून चालतो. खोक्यावर मात्र असा एकही आकडा नाही. खोक्यावर कासव आहे.

कासवावर मला बोलायचंय. निळं पाणी, मोठ्या डोळ्यांचं कासव आणि वर 'समुद्र वाचवा'. कासव मरतं ते जेलीफिश समजून प्लास्टिकची पिशवी गिळल्याने, हरवलेल्या जाळ्यात अडकून श्वास घ्यायला वर येता न आल्याने. माझ्या जॅकेटच्या लवेचं मुख्य गिऱ्हाईक कासव नव्हे, शिंपले, खेकडे आणि चिखलातले किडे. पण खेकड्याचं तोंड खोक्यावर कोण छापणार? आणि समुद्र वाचवायचाच म्हटला तर यादी कुठच्या कुठे जाते. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त समुद्राने पोटात घेतली आहे. त्या तापाने एप्रिल २०२४ मध्ये प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर करावी लागली. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा पाण्यात विरघळून पाणी आंबट होत चाललंय, शिंपल्यांना कवच बांधणं जड जातंय. माशांचे एक तृतीयांशाहून जास्त साठे, पुन्हा भरून येण्याच्या वेगापेक्षा जास्त उपसले जाताहेत, असं संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते, आणि ही खोकी मी रोज मोजतो. यातल्या कशालाही ही पिशवी शिवत नाही. ती एका पाइपाच्या तोंडाशी बसलेली आहे. तेवढंच लिहा ना खोक्यावर, मी तेवढ्यासाठीही घेतली असती.

माझीही एक चूक नोंदवून ठेवतो. पिशवी आली तसं मी मशीन 'नाजूक कपडे' वर लावायला लागलो. नाव नाजूक म्हणजे कपडे कमी घासणार, लव कमी सुटणार, असं साधं गणित. सहा-सात आठवडे तेच केलं. मग न्यूकॅसलचाच २०१९ चा प्रयोग वाचनात आला : नाजूक सायकलला मशीन पाणी फार जास्त घेते आणि लव सुटायला घासण्यापेक्षा कपड्यातून फिरणारं पाणीच जास्त कारण होतं. साध्या सायकलपेक्षा सरासरी ८ लाख तंतू जास्त! आता गार पाणी, छोटी सायकल आणि मशीन भरलेली. खरं तर हे तीन बदल पिशवी न घेताही करता येतात आणि ते पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असायला हवे होते. पुस्तिकेत पहिल्या पानावर संस्थापकांचं मनोगत आहे.

लेकीचं पुढचं म्हणणं होतं, "मग सुती घाला." उणे १८ ला सुती घालून दाखव म्हटलं. पण तेही वाचलं. जगभरच्या समुद्रांतून गोळा केलेल्या ९१६ नमुन्यांतले तंतू तपासले तर कृत्रिम ८ टक्क्यांच्या आसपासच निघाले, बाकीचे सूत, लोकर वगैरे. हे काम २०२० चं. मला ते वाचून आधी सुटल्यासारखं वाटलं, मग नाही. सुताचा धागा पाण्यात कुजायला हवा, पण रंग आणि प्रक्रिया चढवलेला इतका टिकून राहतो हीच त्यातली बातमी. कापड कुठलंही असो, गळणारच. नुसतं अंगावर घालून हिंडलं तरी गळतं, धुण्यापेक्षा जास्त हवेत उडतं असंही एका मोजणीत निघालंय. त्याला पिशवी नाही.

वस्तू म्हणून तक्रारी दोन. सोळाव्या धुण्याला स्लायडरची पत्री ओढणी तुटली, मग चेन उघडायला पक्कड लागायची. आणि एका कोपऱ्यात आतली शिवण अर्धा बोट उसवली, नेमकी जिथे लव जमते तिथे. जाळी मात्र अजून शाबूत आहे, एक भोक पडलेलं नाही. कंपनीला शिवणीचा फोटो पाठवला, त्यांनी नवी पिशवी द्यायची तयारी दाखवली, त्याबद्दल तक्रार नाही. त्याच पत्रात मी विचारलं होतं की साठलेली लव टाकायची कुठे. उत्तर आलं : 'कृपया जबाबदारीने विल्हेवाट लावा.' अहो, म्हणजे कशी? कचऱ्यात मोकळी टाकली तर वाऱ्याने उडणार, जाळली तर प्लास्टिकचा धूर. जाळीच्या भोकाचा आकार मायक्रॉनमध्ये सांगता येतो, मग हे का सांगता येत नाही? सध्या मी कागदाची घट्ट पुडी बांधून सुक्या कचऱ्यात टाकायचं ठरवलंय, पण बरणी रिकामी करायला हात धजत नाही.

घ्यावी का? घरात फ्लीस, ॲक्रिलिकचे स्वेटर, खेळाचे चकचकीत टी-शर्ट असं बरंच असेल आणि पिशवी वाळायची वाट पाहण्याएवढा धीर असेल तर घ्या. नुसते सुती कपडे असतील तर नको. मशीनला बाहेरून फिल्टर बसवायला जागा असेल तर पिशवीऐवजी तो बघा, आणि नवीन मशीन घेणार असाल तर आतच फिल्टर असलेली आहे का विचारा. हे काम खरं म्हणजे मशीन बनवणाऱ्यांचं. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात नव्या मशीनांना फिल्टर हवा असं लिहून जानेवारी २०२५ ची मुदत घातली होती. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं आणि २०२३ मध्ये गव्हर्नरांनी नाकारलं. तोवर माझ्यासारख्यांनी नखाने गुंतवळ काढायची.

पाचपैकी तीन तारे. अर्धा शिवणीसाठी कापला, अर्धा त्या पत्रासाठी आणि एक कासवासाठी.

नवी पिशवी अजून यायची आहे. तोपर्यंत जुनीची शिवण मी दुहेरी टीप घालून शिवली, धागा सुती वापरला. स्लायडरच्या भोकात सुतळीचा फास अडकवलाय, पक्कड लागत नाही. फक्त मशीनला लावताना ती सुतळी आठवणीने खोळीत सारायची, नाहीतर तिचेच तंतू टॉवेलांवर येतात.